शहराचं जगणं मोजताना छेदात कोण असतं? (मुंबई, पुणे आणि आमच्या घरातला वाद)

विक्रोळीकर_८४

मंडळी, जरा मोठं लिहितोय, वेळ काढून वाचा, मला खरंच मदत हवीये. मला पुण्याच्या ऑफिसात बदली मिळू शकते, पगार तोच. बायको म्हणते जाऊया, आई म्हणते मी मुंबईतलं, विक्रोळीचं कन्नमवार नगर सोडून कुठे येणार नाही, आणि मुलगी साडेतीन वर्षांची आहे, थंडी सुरू झाली की तिला धाप लागते, डॉक्टरांनी पंप लिहून दिलाय. त्यात परवा मेव्हण्याने फॅमिली ग्रुपवर राहायला चांगल्या शहरांची यादी टाकली, पुणे वर मुंबई खाली, आणि खाली लिहिलं "आता तरी पटलं का".

मी आकड्यांचा माणूस, अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे म्हटलं भावनेवर नको, आकड्यांवर ठरवू. रविवारचा पूर्ण दिवस घालवला. सगळ्यात आधी केंद्र सरकारचा 'ईझ ऑफ लिव्हिंग' निर्देशांक काढला. २०१८ ला १११ शहरांत पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. पुढची यादी मार्च २०२१ मध्ये आली, त्यात बेंगळुरू पहिलं, पुणे दुसरं, नवी मुंबई सहावी आणि मुंबई दहावी. आता मी या सगळ्या काळात इथेच राहत होतो हो, सात नंबरांनी आयुष्य बिघडलं असं मला तरी जाणवलं नाही. खोलात गेलो तर कळलं की मधे पद्धतच बदलली, दुसऱ्या वेळी ३० टक्के गुण लोकांच्या स्वतःच्या मताला दिले, जे पहिल्या वेळी नव्हतंच. म्हणजे या दोन याद्या शेजारी ठेवून "घसरलं" म्हणायला काही आधारच नाही.

मग मर्सर या सल्लागार कंपनीची यादी. २०१९ ची बघितली, पुणे आणि हैदराबाद १४३, मुंबई १५४. पण ती यादी मुळात मोठ्या कंपन्यांसाठी असते, परदेशात माणूस पाठवताना त्याला भत्ता किती द्यायचा ते ठरवायला. कन्नमवार नगरात म्हाडाच्या खोलीत वाढलेल्या माणसाचा तिच्याशी काय संबंध, हे मी मेव्हण्याला विचारलं तर तो चिडला.

तर प्रश्न असा. सरकारी, सगळ्यांना उपलब्ध असलेले आकडे घेऊन एखादं कुटुंब "आपण कुठे राहावं" हे खरंच ठरवू शकतं का? हवा, पाणी, प्रवास, दवाखाना, गुन्हे, मोकळी जागा असे सहा कॉलम मी एक्सेलमध्ये केलेत. कोणते आकडे घेऊ, कोणते फेकून देऊ, सांगा.

छेदवाले_काका

विक्रोळीकर, मी सरकारी सांख्यिकी खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली, २०११ च्या जनगणनेच्या कामातही होतो, म्हणून अधिकाराने एक सांगतो. तुम्ही सहा कॉलम केलेत, सातवा करा आणि त्यात प्रत्येक आकड्याचा छेद लिहा. अंशाकडे सगळे बघतात, छेदाकडे कोणी बघत नाही.

मुंबईचा कुठलाही "दर लाखामागे" वाला आकडा घ्या, खाली लोकसंख्या बऱ्याचदा कुठली धरलेली असते? २०११ ची. १ कोटी २४ लाख ४२ हजार. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे तेव्हा शाळेत गेलेलं पोर आता नोकरीला लागलं तरी आपण त्याच लोकसंख्येने भागतोय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग महानगरांचे गुन्ह्यांचे दर काढतो ते पण २०११ च्या लोकसंख्येवर. ज्या शहराची वस्ती या काळात झपाट्याने वाढली त्याचा दर उगीच फुगलेला दिसणार, जे शहर जागेवर राहिलं त्याचा बरोबर दिसणार. पुणे या काळात किती पसरलंय ते तुम्हीच बघताय, तेव्हा पुणे-मुंबई तुलना करताना हे पहिलं लक्षात ठेवा.

दुसरं, रात्री झोपायला असलेली माणसं जनगणनेत येतात. दिवसा या शहरात विरार, कल्याण, पनवेलहून जी माणसं येतात ती इथला रस्ता वापरतात, इथली हवा घेतात, इथे पैसा निर्माण करतात, पण मोजली जातात तिकडे. जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न काढताना त्यांच्या कामाची किंमत मुंबईत धरली जाते आणि भागाकारात ती माणसं नसतात. मुंबईचं दरडोई उत्पन्न मोठं दिसण्यात या गोष्टीचा भाग आहे.

७_४२_विरार

काका, हे वाचून अंगावर काटा आला, कारण तो "दिवसा येणारा" माणूस मीच आहे. एकवीस वर्षं विरार-चर्चगेट, एका बाजूने ६० किलोमीटर. माझ्या आयुष्यातले रोजचे जवळपास चार तास मुंबईच्या कुठल्याही आकड्यात नाहीत आणि वसई-विरारच्या आकड्यात "प्रवासाचा वेळ" म्हणून कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

प्रवासाच्या कॉलमबद्दल सांगतो. २०२३ मध्ये मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २५९० माणसं दगावली, हा आकडा हायकोर्टात आला होता, दिवसाला सात. आता हेच दुसऱ्या पद्धतीने मांडतो. कोविडच्या आधी रोजच्या ७५ लाख फेऱ्या होत होत्या, वर्षाच्या २७३ कोटींच्या वर, म्हणजे साधारण साडेदहा लाख फेऱ्यांमागे एक मृत्यू. ऐकायला काहीच वाटत नाही ना? पण मी वर्षातून ३०० दिवस जातो-येतो, ६०० फेऱ्या, तीस वर्षं नोकरी धरली तर १८ हजार फेऱ्या. साडेदहा लाखाला अठरा हजाराने भागा. अठ्ठावन्नात एक येतं. आमच्या डब्यातल्या ग्रुपमध्ये चाळीस जण आहेत आणि एकवीस वर्षांत एकाच्या घरी आम्ही सगळे मिळून गेलोय, नालासोपाऱ्याला, मला तो जिना अजून आठवतो.

छेदवाले_काका

७_४२, तुमची तळमळ पोचली, पण हिशोब थोडा सुधारू द्या, नाहीतर उद्या कोणी हाच आकडा पुढे पाठवेल. त्या मृत्यूंत निम्म्याच्या आसपास रूळ ओलांडताना झालेले असतात, ते सगळे तुमच्यासारखे पासधारक नसतात, काही रुळाशेजारी राहणारे असतात. ते वगळले तर तुमचं अठ्ठावन्नात एक हे शंभर-सव्वाशेत एक होईल. तरी भयंकरच आहे. आणि तुम्ही केलंत ते बरोबर केलंत, "दर फेरीमागे" हा आकडा रेल्वेच्या कामाचा, "दर आयुष्यामागे" हा माणसाच्या कामाचा.

बाणेरवाली

विक्रोळीकर, मी दादरची, लग्नानंतर पुण्यात, नऊ वर्षं झाली. प्रवासाचं म्हणाल तर पुण्यात मुंबईसारखी लोकल नाही म्हणून तसे लोकलचे मृत्यू नाहीत, एवढंच. इथे प्रत्येकाकडे दुचाकी आहे आणि त्या दुचाकीवर तुमची मुलगी पुढे उभी राहणार आहे हे लक्षात घ्या. एका शहरातला धोका रेल्वेच्या रकान्यात, दुसऱ्यातला रस्ते अपघाताच्या रकान्यात. दोन्ही एकत्र करून "घरापासून कामापर्यंत पोचताना" असा एक रकाना करा, मग तुलना होईल.

पाण्याचं मात्र मला मुंबईचं कौतुक वाटतं, आईकडे नळ सोडला की पाणी, आमच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर.

पाणीखात्याचा_इंजिनिअर

बाणेरवाली ताई, तुमच्या आईकडे येतं ते मान्य, पण "मुंबईचं पाणी" असं एक पाणी नाहीये.

सात तलाव, तुळशी आणि विहार शहरातच, बाकी तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, भातसा. रोजचा पुरवठा साधारण ३८५ कोटी लिटर. काकांचा छेद घ्या, १ कोटी २४ लाख, माणशी ३०९ लिटर येतं. हा आकडा जगातल्या भल्याभल्या शहरांच्या बरोबरीचा आहे, कागदावर. आता त्यातून गळती आणि चोरी काढा, तो मोठा हिस्सा आहे, मग हॉटेलं, कारखाने, ऑफिसं काढा. जे उरलं ते सारखं वाटलं जातं का? तर नाही, कारण नियमातच दोन मापं होती, इमारतीत माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीत ४५. पाच माणसांच्या घराला दिवसाला सव्वादोनशे लिटर, म्हणजे एक पिंप आणि वर एक बादली, त्यात पिणं, आंघोळ, भांडी, कपडे, संडास सगळं. आणि २०११ ला शहराची ४१.८ टक्के वस्ती झोपडपट्टीत होती, तेव्हा हे काही कोपऱ्यातलं प्रकरण नाही. डिसेंबर २०१४ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की घर अधिकृत असो नसो पाणी द्यावं लागेल, त्यानंतर गोष्टी हळूहळू हलल्या.

आणखी एक, लिटरचा आकडा बघाल तेव्हा पाण्याची वेळ आणि दाब पण बघा. टेकडीच्या उतारावर वरच्या घराला मीटरमध्ये तेवढंच पाणी दिसेल पण पहाटे साडेतीनला. कोण उठतं साडेतीनला? घरातली बाई किंवा मोठी मुलगी. ती झोप कुठल्याच सर्वेक्षणात नाही.

गोवंडीची_बाई

मी शाळेत शिकवते, गोवंडीत, राहते पण तिथेच. वर इंजिनिअर साहेबांनी लिहिलं त्यातली मोठी मुलगी माझ्या वर्गात असते, आठवीत, पहिल्या तासाला डोळे मिटतात तिचे. मी तिला ओरडत नाही.

मला वेगळं विचारायचं होतं. आमच्या एम पूर्व वॉर्डाबद्दल एक वाक्य सगळीकडे फिरतं, पेपरात, भाषणात, आमच्याकडे येणाऱ्या संस्थांच्या पोस्टरवर, की "गोवंडीत माणूस ३९ वर्षंच जगतो". २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालावरून ते घेतलंय म्हणतात. माझे वडील सत्तरीचे आहेत, गल्लीत साठीच्या वरचे खूप जण आहेत. मुलं मला विचारतात बाई आपण चाळीसला मरणार का. काय सांगू त्यांना?

छेदवाले_काका

ताई, तुम्ही हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत. मुलांना सांगा, नाही.

त्या अहवालातला आकडा आयुर्मानाचा नाही, तो मृत्यूच्या वेळच्या सरासरी वयाचा आहे. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. समजा एका वस्तीत सगळी माणसं पंचविशीच्या आतली आहेत, तिथे वर्षभरात जे कोणी जातील ते पंचविशीच्या आतलेच असणार, दुसरं कोणी नाहीच जायला. सरासरी वय समजा वीस येईल. म्हणून तिथे माणूस वीस वर्षंच जगतो का? एम पूर्वमध्ये लहान मुलं खूप, वस्ती तरुण, आणि म्हातारपणी बरेच जण गावाला परत जातात. गावी गेला तर नोंद गावी, कारण १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे होतो तिथेच नोंदला जातो. म्हणजे म्हातारे मृत्यू छेदातून बाहेर गेले, कोवळे आत राहिले. आमच्या लालबागकडे पण हेच, निवृत्त झाला की चाकरमानी कोकणात.

खरं काय ते काढायचं तर वयोगटाप्रमाणे मृत्युदर लागतो, म्हणजे पाच वर्षांखालची मुलं किती आणि त्यातली किती गेली, तिशीचे किती आणि त्यातले किती गेले, असं एकेका गटाचं.

पण ताई, हे वाचून कोणी असं म्हणू नये की मग गोवंडीत सगळं छान आहे. त्याच अहवालात एम पूर्व मानव विकासात शहरात सगळ्यात खाली होता, तो निष्कर्ष फक्त या एका आकड्यावर उभा नाही. १९२७ पासूनचा देवनारचा कचराडेपो तुमच्या उशाशी आहे.

गोवंडीची_बाई

काका, उद्या वर्गात फळ्यावर हेच करून दाखवते, वीस मुलांची वयं घेऊन. आभार. खरंच मनावरचं ओझं उतरलं.

सायनची_सिस्टर

मी नर्स आहे, मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, काकांच्या मुद्द्याला जोडून लिहिते. मृत्यू होतो तिथे नोंदला जातो याचा दुसरा परिणाम आमच्याकडे दिसतो. पालघर, जव्हार, शहापूरकडून बाळं शेवटच्या क्षणी मुंबईत पाठवली जातात, कधी रस्त्यात चार तास जातात. ते बाळ आमच्याकडे गेलं तर मृत्यू मुंबईच्या खात्यात. तुम्ही बालमृत्यू दर बघून "मुंबईचे दवाखाने वाईट" म्हणाल तर तो मोठा अन्याय होईल, कारण दवाखाने चांगले आहेत म्हणूनच ते बाळ इथवर आणलं. टाटा हॉस्पिटलमधल्या कॅन्सरच्या पेशंटचं पण तेच, देशभरातून येतात.

टीबीचं बघा. २०२३ मध्ये मुंबईत साठ हजारांच्या वर रुग्णांची नोंद झाली. लोक घाबरतात. पण नोंद वाढली म्हणजे रोग वाढला असं लगेच होत नाही, खाजगी डॉक्टर आता नोंदवायला लागले, तपासणी वाढली. माझ्या दृष्टीने ज्या शहरात नोंद कमी आणि खोकला जास्त ते शहर वाईट. किती जणांनी औषधाचा कोर्स पूर्ण केला तो आकडा बघा विक्रोळीकर, तो जास्त खरं बोलतो.

लालबाग_ते_बदलापूर

सिस्टर बरोबर. मी एक भर घालतो. २००१ ला मुंबईत झोपडपट्टीतली वस्ती ५४ टक्के, २०११ ला ४२ च्या आत. ऐकून वाटतं केवढी सुधारणा. पण त्यातली सगळी माणसं बऱ्या घरात गेली का?

आमचंच सांगतो, झोपडपट्टी नव्हती, चाळ होती, पण गोष्ट तीच. वडील गिरणीत, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत. पुढे खोली गेली आणि आम्ही बदलापूरला. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती, २०११ मध्ये ३० लाख ८५ हजार, म्हणजे अडीच लाख माणसं कमी. तिथे आता टॉवर आहेत, तिथला दरडोई पाण्याचा, जागेचा, उत्पन्नाचा आकडा सुधारला असणार. आम्ही निघून गेलो म्हणून सुधारला. कोणाचं जगणं सुधारलं त्यात? आकडा सुधारायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ज्यांच्यामुळे तो खाली येतो त्यांना हद्दीबाहेर घालवणं.

सायनची_सिस्टर

आणि जे हद्दीतच राहिले, पुनर्वसनाच्या इमारतीत गेले, त्यांचं पण ऐका. गोवंडीतल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने अभ्यास केला होता, २०१८ च्या सुमारास आला. पक्कं घर, घरात नळ, घरात संडास, म्हणजे जनगणनेच्या फॉर्मवर सगळीकडे बरोबरची खूण. पण इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर, खालच्या मजल्यावर ऊन नाही, वारा नाही, आणि टीबी त्या अंधाऱ्या खालच्या घरांत जास्त. फॉर्ममध्ये "खिडकीतून आकाश दिसतं का" असा रकाना असता तर ते घर नापास झालं असतं.

बाणेरवाली

हे वाक्य मी लिहून ठेवलंय.

दादर_पूर्व_७१

गुन्ह्यांच्या कॉलमवर कोणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. ज्या शहरात पोलीस तक्रार पटकन लिहून घेतात त्या शहरात गुन्हे जास्त दिसतात. स्वतः गुन्हे नोंद विभाग अहवालात बजावतो की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं यांची गल्लत करू नका. शिवाय एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी त्यातला सगळ्यात गंभीर तेवढा मोजतात. माझा मोबाईल गर्दीत मारला गेला तेव्हा कागदावर "हरवला" असं आलं, म्हणजे तो चोरीत नाहीच.

तुम्हाला मुलगी आहे, तर मी एकच सुचवतो, रात्री साडेदहाला दोन्ही ठिकाणी स्टेशन किंवा बसस्टॉपवर जाऊन उभं राहा आणि एकट्या बायका किती दिसतात ते मोजा. आमच्या दादरला त्या वेळी फुलवाल्या पण असतात आणि ऑफिसातून येणाऱ्या पण. मी तरी या मोजणीवर जास्त भरवसा ठेवीन.

विक्रोळीकर_८४

बापरे, एवढी उत्तरं. सगळ्यांना मनापासून नमस्कार. काका, सातवा कॉलम केला, आणि तो केल्यावर पहिल्या सहातले निम्मे आकडे मी स्वतःच खोडले.

मोकळ्या जागेचं बघताना गंमत म्हणू की दुःख, कळेना. मुंबईत माणशी जेमतेम सव्वा चौरस मीटर, माझ्या आईची भजनाची चटई अंथरली तर त्याहून मोठी होते. नियोजनाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत १० ते १२ चौरस मीटर सांगितलंय. मग एका ठिकाणी बघितलं की मुंबई खूप हिरवी आहे, कारण त्यांनी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान धरलं होतं. ते १०४ चौरस किलोमीटर, भागिले १ कोटी २४ लाख, माणशी आठ चौरस मीटरच्या वर वाढतात एका झटक्यात! आणि त्यातलं बरंचसं ठाण्यात आहे. बिबट्याच्या जंगलात माझी मुलगी घसरगुंडी खेळायला जाणार आहे का? म्हणून मी तो आकडा बाजूला ठेवला आणि घरापासून चालत जाऊन बाग किती मिनिटांवर ते मोजलं. नऊ मिनिटं, पण मधे मोठा रस्ता ओलांडायचा, म्हणजे आई तिला एकटीने नेऊ शकत नाही. म्हणजे शून्य.

आता हवेचं सांगा, माझ्यासाठी तोच खरा प्रश्न आहे. अॅपवर मुंबई "मध्यम" दाखवतं, पुणे पण बऱ्याचदा "मध्यम". मग फरक काय?

पाणीखात्याचा_इंजिनिअर

हवा माझा विषय नाही पण घरी दम्याचं माणूस आहे म्हणून शिकलो. एक्यूआय, म्हणजे अॅपवरचा हवेचा निर्देशांक, ही सगळ्या प्रदूषकांची सरासरी नव्हे, प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सगळ्यात वाईट तोच एक्यूआय. "मध्यम" म्हणजे १०१ ते २००, आणि पीएम २.५ मुळे, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांमुळे असेल तर ते घनमीटरला ६१ ते ९० मायक्रोग्रॅम. आपल्याच देशाची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. म्हणजे "मध्यम" या शब्दात आपलीच मर्यादा ओलांडलेली असते. साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी तो शब्द वाचूच नका, खालचा मायक्रोग्रॅमचा आकडा वाचा.

आणि शहराचा आकडा म्हणजे ठिकठिकाणच्या केंद्रांची सरासरी. सरासरीचं काय होतं ते मुंबईकरांना २६ जुलै २००५ ला कळलंय. सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर, कुलाब्याला ७३. दोन्हीची सरासरी काढा, पाचशे आठ, असा पाऊस शहरात कुठल्याच वेधशाळेवर पडला नव्हता. कलिन्यात माणसं पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात, आणि कुलाब्यात लोकांना संध्याकाळपर्यंत कळलंच नाही. हवेचं तेच, समुद्राकडचं केंद्र वेगळं, वांद्रे-कुर्ला संकुल वेगळं, देवनार वेगळं.

तुमच्या घराच्या जवळ काय आहे?

विक्रोळीकर_८४

एका बाजूला पूर्व द्रुतगती महामार्ग. आणि तुम्ही विचारलंत म्हणून आज खिडकीत उभा राहून मोजलं, आमच्या खिडकीतून पुनर्विकासाची पाच बांधकामं दिसतात. म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून टॉवर चाललेत, दोन ठिकाणी हिरवं कापड पण नाही. ग्रिलवर बोट फिरवलं तर सिमेंट.

सायनची_सिस्टर

दादा, आता मी नर्स म्हणून सांगते. तिला कोणत्या दिवशी धाप लागली, किती वेळा पंप लागला, खिडकी उघडी होती का, हे एका वहीत लिहायला सुरुवात करा, तारखेसकट. आणि सुट्टीत ती दुसरीकडे राहिली होती का, तिथे काय झालं ते पण लिहा. डॉक्टरांना ती वही दाखवा. एका मुलीची वही म्हणजे काही सांख्यिकी नाही, हे काका म्हणतील, पण तुम्हाला शहराचं नाही, तिचं ठरवायचंय.

छेदवाले_काका

काका असं अजिबात म्हणणार नाहीत. छेद एक असला तरी तो तुमचा आहे.

विक्रोळीकर_८४

उशिरा लिहितोय, सात आठवडे गेले. वही भरली. मधे दहा दिवस मुलगी मुलुंडला मावशीकडे होती, टेकडीच्या बाजूला, आजूबाजूला बांधकाम नाही, पंप एकदाच लागला. चार दिवस पुण्यात बायकोच्या बहिणीकडे, तिचं घर मोठ्या रस्त्यावर, समोर उड्डाणपुलाचं काम, तिथे रोज लागला. इथे घरी आठवड्यातून चार-पाच दिवस. दहा दिवस आणि चार दिवस म्हणजे फार कमी, मला माहितीये, आणि हवामान पण बदलत होतं, म्हणून डॉक्टरांना वही दाखवली. त्या म्हणाल्या धूळ आणि रस्ता यांच्यापासून लांब न्या, कुठल्या शहरात नेता त्याने मला फरक पडत नाही.

इतके दिवस आम्ही मुंबई की पुणे असं भांडत होतो, आणि मुलीच्या छातीला फरक पडत होता तो एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत. मेव्हण्याला वही दाखवली, तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला भाड्याची खोली बघायला मी येतो.

तर आता मुलुंडला भाड्याने बघतोय, आमची इथली खोली पुनर्विकासात जाणारच आहे दोन वर्षांत. आई तयार झाली, तिची भजनाची मंडळी चार स्टेशनांवर आहे, स्लो गाडीने दुपारची जाते म्हणते. बदलीचं ऑफिसला नाही कळवलं. दोन घरं आवडलीत, एक दुसऱ्या मजल्यावर, एक सहाव्या. काय बघून ठरवू?

गोवंडीची_बाई

दादा, दोन्ही घरं एकदा सकाळी सातला आणि एकदा संध्याकाळी सातनंतर बघा, दुपारी एजंटच्या वेळेला नको. पाण्याची वेळ शेजारच्या घरातल्या बाईला विचारा. दुसऱ्या मजल्यावर दिवसा दिवा न लावता पुस्तक वाचता येतं का बघा. आणि आजूबाजूच्या बिल्डिंगवर नोटीस लागलीय का ते खाली फिरून वाचा, म्हणजे पुढच्या वर्षी तिथे पण पाडकाम सुरू व्हायचं नाही.

फळ्यावरचा तास छान झाला. एक मुलगी म्हणाली, बाई माझे आजोबा गावाला वारले, ते कुठे मोजले? तिला काकांचं उत्तर सांगितलं.